तिसरीतला मुलगा, वाचन आणि 'एकदा तपासून घ्या'

गोदाकाठ | १४ जुलै, रात्री १०:५०

नमस्कार मंडळी. बरेच दिवस लिहू की नको असं चाललं होतं, आज लिहितेच.

माझा मुलगा आठ वर्षं चार महिन्यांचा. तिसरीत, मराठी माध्यम, नाशिक. तोंडी काहीही विचारा, येतं. परिसर अभ्यासाचा धडा मी वाचून दाखवला की उत्तरं तयार. आजोबांबरोबर भाजीला गेला की किती पैसे परत यायचे ते भाजीवालीच्या आधी सांगतो. तेच पुस्तक त्याच्या हातात दिलं की पहिलं अक्षर बघतो आणि पुढचा शब्द अंदाजाने म्हणून टाकतो. 'घर'चं 'धर' होतं, 'भात'चा 'मात'. जोडाक्षर आलं की थांबतो आणि पाणी प्यायला उठतो. फळ्यावरचं उतरवून घेतलेलं प्रत्येक पानावर दोन-तीन ओळी, बाकी कोरं. रोज रात्री मी दुसऱ्या मुलांच्या आयांकडे वहीचे फोटो मागते.

दोन वर्षं आम्ही सगळे त्याला आळशी म्हणत आलो. मी हातही उचलला आहे. एकदा 'विद्यार्थी' हा शब्द वीस वेळा लिहायला लावला, तर त्यातले दोन सुद्धा एकसारखे नव्हते. ते पान फाडून टाकवलं नाही, कपाटात ठेवलंय.

गेल्या शनिवारी वर्गबाईंनी बोलावून घेतलं. म्हणाल्या, "पोरगं हुशार आहे म्हणूनच सांगते ताई, एकदा तपासून घ्या." घरी सांगितलं तर सासरे म्हणाले, असलं काही कागदावर आलं की जन्माचा शिक्का बसतो. नवऱ्याचं म्हणणं चौथीपर्यंत थांबू, आपोआप सुधारेल. तपासणी म्हणजे नक्की काय करतात? थांबलं तर चालेल का? आणि शाळेला कितपत सांगायचं? ज्यांनी हे केलंय त्यांनी कृपया लिहा.

---

फिरती_शिक्षिका | १५ जुलै, सकाळी ६:३५

ताई, ते 'विद्यार्थी'चं पान जपून ठेवा. तपासणीला जाताना पहिल्यांदा तेच पिशवीत टाका.

मी समग्र शिक्षा या सरकारी योजनेत विशेष शिक्षिका आहे, तालुक्यातल्या शाळा फिरते. तुमच्या यजमानांना सांगा की थांबू नका. पहिली-दुसरीत पुष्कळ मुलं अक्षरं उलटसुलट करतात आणि ते बहुतेकांचं सुटतं, म्हणून आठ वर्षांच्या आत अध्ययन अक्षमतेचं (बुद्धी चांगली असूनही वाचन, लेखन किंवा गणित न जमणं) निदान पक्कं करत नाहीत. केंद्र सरकारच्या २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांतही दिव्यांगत्वाच्या प्रमाणपत्रासाठी किमान वय आठच धरलंय. तुमचा मुलगा अगदी योग्य वेळी या टप्प्यावर आलाय. चौथीत नेलंत तर हेच निदान होईल, फक्त मधलं एक वर्ष त्याने मार खात काढलेलं असेल. कठोर वाटेल, पण दरवर्षी हेच बघते.

तपासणीचा क्रम असा असतो. आधी डोळे आणि कान. हे कुणी टाळलं तर त्या केंद्रातून परत या. त्यानंतर बुद्ध्यांक. त्याला घाबरायचं काही कारण नाही, मूल 'मंद' आहे का हे शोधायला तो काढत नाहीत. वाचन मागे पडण्याचं कारण एकूण आकलनात आहे की फक्त अक्षरांच्या वाटेवर, हे वेगळं करायला तो लागतो. आपल्याकडे अजून बऱ्याच ठिकाणी कामत चाचणी वापरतात. बिने यांच्या चाचणीवरून व्ही. व्ही. कामत यांनी ती मराठी आणि कानडी मुलांसाठी बेतली, १९३० च्या दशकात. दुसरी मालिन चाचणी, ती करणारे मालिन नागपुरात काम करत होते. यात आकडे ऐकून उलटे म्हणायचे, ठोकळ्यांचे नमुने जुळवायचे, दोन गोष्टींत सारखं काय ते सांगायचं, असं असतं. मुलांना खेळच वाटतो. अहवाल आला की नुसता एकूण आकडा बघू नका, आतले भाग बघा. तोंडी समज उत्तम आणि आकडे उलटे म्हणताना गडबड, असं चित्र तुमच्या मुलासारख्यांत मी खूपदा पाहिलंय.

शेवटी शैक्षणिक चाचणी. बेंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेची चाचणीमाला यासाठी वापरतात. आकड्यांच्या गर्दीतून ठरावीक आकडे खोडणं, आकृत्या बघून काढणं, इयत्तेप्रमाणे उतारे वाचणं, श्रुतलेखन, गणितं. इथे किती चुका झाल्या यापेक्षा कशा झाल्या हे महत्त्वाचं. 'विद्यार्थी'चं कुणी 'विद्याथी' लिहितं, कुणी 'वीधारथी'. पहिल्याचा रफार सुटलाय. दुसऱ्याला जोडाक्षरातला आवाजच वेगळा करता येत नाही. दोघांना शिकवायचं वेगवेगळं. चांगली तपासनीस हे लिहून देते.

या सगळ्याला दोन-तीन बैठका लागतात. एका तासात सगळं उरकून छापील अहवाल हातात देणाऱ्यांपासून लांब राहा. सोबत दोन वर्षांची प्रगतिपुस्तकं, बाईंचं पत्र आणि वह्या न्या, पण वह्या रफच न्या. घरी बसून सुबक करून घेतलेल्या वहीतून काहीच कळत नाही. त्या दिवशी मूल झोपलेलं, खाल्लेलं असावं. त्याला परीक्षा आहे असं सांगू नका, "तू कसा वाचतोस ते बघणार आहेत, म्हणजे तुला कसं शिकवायचं ते आम्हाला कळेल" एवढंच सांगा. खरंही तेच आहे.

आजोबांचा शिक्क्याचा मुद्दा. अहवाल आणि प्रमाणपत्र हे दोन वेगळे कागद आहेत, आणि लोक यात कायम घोटाळा करतात. अहवाल शिकवण्यासाठी. तो तुमच्याकडे राहतो, कुणाला दाखवायचा ते तुम्ही ठरवता. प्रमाणपत्र सवलतींसाठी, ते वेगळा अर्ज करून सरकारी केंद्रातून घ्यावं लागतं. तिसरीत तुम्हाला अहवालाची गरज आहे. प्रमाणपत्राचं नंतर निवांत ठरवा.

---

डोंबिवली_फास्ट | १५ जुलै, दुपारी १:२०

वरची शेवटची ओळ मी तीनदा वाचली. (माझं वाचन आजही हळू आहे, त्यामुळे तीनदा म्हणजे बराच वेळ.)

मी नववीत तपासला गेलो, २००२ साली, मुंबईतल्या एका सरकारी रुग्णालयात. शाळेनेच पाठवलं, कारण दहावीचा निकाल बिघडला असता. महाराष्ट्राने १९९६ पासून अशा मुलांना दहावीत सवलती दिल्या होत्या. तेव्हाच्या केंद्राच्या दिव्यांग कायद्यात, १९९५ च्या, अध्ययन अक्षमता हा शब्दही नव्हता. तिथे तो यायला २०१६ उजाडलं. म्हणजे आपलं राज्य खरोखर वीस वर्षं पुढे होतं आणि मला त्याचा फायदा झाला. जादा वेळ मिळाला, शुद्धलेखनाचे गुण कापले गेले नाहीत, कॅल्क्युलेटर वापरता आला. ५८ टक्के पडले. आई त्या कागदाला नमस्कार करून रडली होती.

पण मला वाचायला कुणीच शिकवलं नाही. पहिली ते आठवी कुणाला सुचलं नाही, आणि प्रमाणपत्र आल्यावर काम झालं असं सगळ्यांनी धरलं. नोकरीला लागल्यावर, सव्विसाव्या वर्षी, एका ताईंकडे मी पैसे देऊन वाचायला शिकलो. बाराखडीपासून, आवाज सुटे करत. आठ महिन्यांत मला स्टेशनांच्या पाट्या गाडी थांबायच्या आत वाचता यायला लागल्या.

गोदाकाठ, तुमचा मुलगा आठ वर्षांचा आहे. जा हो लवकर.

---

जुनी_पाटी | १५ जुलै, रात्री ९:०५

मी निवृत्त मुख्याध्यापक, वय ७१. विरोधी सूर लावतोय, राग नसावा.

चौतीस वर्षांत उशिरा वाचायला लागलेली शेकडो मुलं पाहिली. बहुतेकांना निदान नको होतं, रोज अर्धा तास शेजारी बसून वाचून घेणारं माणूस हवं होतं. आज साठ मुलांच्या वर्गात ते होत नाही, म्हणून मूल तपासणीला पाठवायचं, हे मला पटत नाही. वर्गाची उणीव मुलाच्या नावावर लिहिली जाते. शहरांत तर तपासणीचा धंदाही झालाय. आजोबांची भीती अनाठायी नाही, एवढंच म्हणायचंय.

---

फिरती_शिक्षिका | १५ जुलै, रात्री १०:१५

सर, तुमचं निम्मं म्हणणं मला मान्य आहे, आणि चाचणीच्या नियमांनाही ते मान्य आहे. ज्या मुलाला नीट शिकवलंच गेलं नाही त्याला अध्ययन अक्षमता म्हणायची नसते. म्हणून आधी दोन-तीन महिने ठरवून वाचन घ्यायचं आणि फरक पडतो का बघायचं. बरीच मुलं तिथेच सुटतात. पण शेजारी बसून रोज घेतल्यावरही जी सुटत नाहीत त्यांना तेच आणखी जोरात घेऊन उपयोग नसतो, पद्धतच बदलावी लागते. ती कुठे बदलायची ते तपासल्याशिवाय कळत नाही. ताई दोन वर्षं शेजारी बसल्याच आहेत.

---

डॉ_कृष्णाकाठ | १६ जुलै, सकाळी ७:५०

बालरोगतज्ज्ञ म्हणून कानाबद्दल थोडं. सर्दी वारंवार होणाऱ्या मुलांत पडद्यामागे पाणी साचतं आणि ऐकू कमी येतं, तेही कधी जास्त कधी कमी. हाक मारली तर मूल वळून बघतं, त्यामुळे घरच्यांना वाटतं ऐकू येतंय. पण 'त' आणि 'थ', 'प' आणि 'फ' यांतला फरक त्याच्यापर्यंत पोचत नाही. मग लिहिताना चुकतं. अशी मुलं अध्ययन अक्षमतेच्या रांगेत मी पाहिली आहेत. ऑडिओमेट्री, म्हणजे यंत्रावर ऐकण्याची तपासणी, करून घ्याच. वर्गात मधेच काही सेकंद शून्यात बघत राहतो का, हेही बाईंना विचारा, एका प्रकारच्या फिट्स अशाच दिसतात. रक्तातलं लोह कमी असेल तरी लक्ष टिकत नाही.

नाशिकमध्ये पैसे न देता सुरुवात करायची असेल तर शाळेत येणाऱ्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकाला गाठा. हा कार्यक्रम २०१३ मध्ये आपल्याच पालघरमध्ये सुरू झाला, १८ वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी आहे, आणि त्यात अध्ययन अक्षमता, अतिचंचलता, स्वमग्नता हे तिन्ही येतं. पथक जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे चिठ्ठी देतं.

आणि एक कळकळीने सांगतो. वाचनाच्या अक्षमतेवर गोळी नाही, टॉनिक नाही. डोळ्यांवर पट्टी बांधून वाचायला शिकवणारे 'मिडब्रेन'चे वर्ग गल्लोगल्ली झालेत. तिथे एक रुपयाही देऊ नका.

---

सातपुडा_गुरुजी | १६ जुलै, रात्री ८:३०

नंदुरबार जिल्ह्यातल्या धडगाव तालुक्यातून लिहितोय. इथलं चित्र वेगळं आहे, म्हणून मांडतो.

माझ्या वर्गातल्या मुलांची घरची भाषा पावरी. पहिलीत मराठी त्यांना परकीच. दिवाळीनंतर निम्मी मुलं आई-बापांबरोबर ऊसतोडीला जातात, परत येतात तेव्हा उन्हाळा लागलेला असतो. आता यातल्या तिसरीच्या मुलाला मराठी उतारा वाचता आला नाही तर ते कशाचं लक्षण? दोन वर्षांपूर्वी माझ्या एका विद्यार्थ्याची बुद्ध्यांक चाचणी मराठीतून झाली. शब्दार्थ विचारले, तो गप्प. आकडा खूप खाली आला आणि कागदावर बौद्धिक अक्षमता आली. हाच मुलगा जंगलातल्या पन्नास झाडांची नावं आणि उपयोग सांगतो, पावरीत. मी तालुक्याला हेलपाटे घातले, दुभाष्या म्हणून स्वतः बसलो आणि परत चाचणी करून घेतली. शब्दांऐवजी ठोकळे आणि आकृत्यांवर भर दिला, तेव्हा आकडा सामान्य आला.

तपासणीला जाताना मूल कोणत्या भाषेत विचार करतं हे तपासणाऱ्याला आधी सांगा. वर्षात किती दिवस शाळेत होतं तेही लेखी द्या.

---

न्यूजर्सीकर | १६ जुलै, रात्री ११:४०

गुरुजी, इथे अमेरिकेतही हाच प्रश्न निघतो. आमची मुलगी घरात मराठी बोलते, शाळेत सुरुवातीला फक्त इंग्रजीतून तपासली. आम्ही आक्षेप घेतला. इथल्या कायद्यात पालकांना लेखी मागणी करता येते, आणि केंद्रीय नियमाप्रमाणे संमती दिल्यापासून ६० दिवसांत तपासणी पूर्ण व्हावी लागते, राज्याने वेगळी मुदत ठेवली नसेल तर. शाळा खर्च करते. गोदाकाठ, भारतातही जे मागाल ते लेखी मागा, पोच घ्या. तोंडी विनंतीला तारीख नसते.

---

वर्ग_तिसरी_ब | १७ जुलै, दुपारी ४:१०

शिक्षिका म्हणून बोलते. आमच्यावरही कायद्याने हे बंधन आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६, कलम १६: अध्ययन अक्षमता लवकरात लवकर ओळखणं आणि त्यावर उपाय करणं ही शाळेची जबाबदारी. आता एनसीईआरटीचं 'प्रशस्त' ॲप आहे, त्यातला पहिला भाग वर्गशिक्षकाने भरायचा, दुसरा विशेष शिक्षक वगैरेंनी. ती प्राथमिक चाळणी आहे, निदान नाही, पण किमान मूल नोंदीत येतं. मराठीसाठी 'डाली' ही चाचणीही आहे, मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने केलेली, पहिली ते पाचवीसाठी.

माझं दुःख वेगळ्याच मुलांबद्दल आहे. बुद्ध्यांक ७० ते ८४ मध्ये येणारी मुलं. २०१८ च्या सूचनांत अध्ययन अक्षमतेसाठी तो ८५ च्या वर लागतो. ७० च्या खाली असेल तर बौद्धिक अक्षमता. मधल्यांना दोन्हीकडून कागद मिळत नाही. माझ्या वर्गात आत्ता अशी तीन आहेत. मेहनती, शांत, आणि चौथीपर्यंत पूर्ण मागे पडणार हे मला आजच दिसतंय. पालक अहवाल घेऊन येतात आणि विचारतात, "बाई, मग याचं काय?" मी जादा तास घेते, शाळा सुटल्यावर, वीस मिनिटं. त्याहून जास्त देणं जमत नाही.

---

जुनी_पाटी | १७ जुलै, रात्री ९:३०

बाई, ही वीस मिनिटं सोडू नका. माझ्या गावच्या शाळेत मी आठवड्यातून तीन दिवस जाऊन बसायला तयार आहे, उद्याच विचारतो. फिरती_शिक्षिका, अशा मुलांना कसं घ्यायचं ते सविस्तर लिहाल का? मला जुनीच पद्धत येते.

---

फिरती_शिक्षिका | १८ जुलै, सकाळी ६:२०

सर, आनंद झाला. थोडक्यात लिहिते. एका वेळी एकच आवाज. आधी कानाने: 'कमळ'मधून 'क' काढला तर काय उरलं? हे लिहिता न येणाऱ्यालाही करता येतं. मग अक्षर वाळूत किंवा खरखरीत कागदावर बोटाने गिरवत, तोंडाने आवाज म्हणत. घ-ध, भ-म, थ-य या जोड्या एकत्र कधीच शिकवायच्या नाहीत, एक पक्की झाल्यावर दोन-तीन आठवड्यांनी दुसरी. जोडाक्षर फोडून दाखवायचं: द् आणि या. वाचताना पुठ्ठ्याला खिडकी कापून एकच ओळ दिसेल असं करायचं. रोज दहा मिनिटं, आठवड्यातून तीनदा पाऊण तास. रविवारी तीन तास बसवून काही होत नाही.

आणखी एक. देवनागरीत अक्षर आणि आवाज बऱ्यापैकी जुळतात, त्यामुळे आपली मुलं कालांतराने बरोबर वाचायला लागतात, पण फार हळू. इंग्रजीत स्पेलिंगच्या चुका ढीगभर दिसतात म्हणून तिथे लवकर पकडली जातात. मराठी माध्यमातलं मूल 'वाचतं की' म्हणून सुटून जातं. वेग मोजा. आणि निदान झाल्या झाल्या माध्यम बदलायची घाई करू नका. घरात जी भाषा आहे तीच पहिली सुधारते.

---

गोदाकाठ | १८ जुलै, रात्री ११:१५

सगळ्यांचे मनापासून आभार. नवऱ्याला आणि सासऱ्यांना हा धागा मोठ्याने वाचून दाखवला. डोंबिवली_फास्ट, तुमचं वाचताना सासरे उठून गॅलरीत गेले. परत आले आणि म्हणाले, उद्या सुट्टी टाकायला सांग त्याला. सोमवारी कानांची तपासणी आहे.

---

गोदाकाठ | १९ डिसेंबर, रात्री १०:३०

पुन्हा आले, कुणी शोधत येईल त्याला उपयोग होईल म्हणून.

डोळे, कान ठीक. पुढच्या तारखेसाठी सात आठवडे थांबावं लागलं. तीन बैठका झाल्या. बुद्ध्यांक ११२. तोंडी भाग फार चांगला, आकडे उलटे म्हणण्यात खूप कमी, अगदी फिरती_शिक्षिका म्हणाल्या तसं. वाचन पहिलीच्या पातळीवर. वाचन आणि लेखनाची अक्षमता असं निदान आहे, गणिताची नाही. तपासणाऱ्या मॅडमनी 'विद्यार्थी'चं पान दहा मिनिटं बघितलं आणि वीसही रूपांखाली पेन्सिलने काय सुटलं ते लिहिलं. मला तेव्हा कळलं की त्याने प्रत्येक वेळी नव्याने प्रयत्न केला होता.

अहवाल वाचून झाल्यावर त्याला सोप्या शब्दांत सांगितलं. तो म्हणाला, "म्हणजे मी ढ नाहीये?" हा शब्द त्याने स्वतःला किती दिवस लावून घेतला होता, मला माहीत नाही. त्या रात्री मी त्याची माफी मागितली.

ऑक्टोबरपासून आठवड्यातून तीनदा उपचारात्मक वर्ग चालू आहे. घ-ध सुटलं, भ-म अजून नाही. सासरे परिसर अभ्यासाचे धडे फोनवर आपल्या आवाजात रेकॉर्ड करतात, तो पुस्तकावर बोट ठेवून ऐकतो. प्रमाणपत्र आत्ता घेत नाही आहोत. सरकारी केंद्रात विचारलं, २०१८ च्या नियमाप्रमाणे १४ आणि १८ व्या वर्षी परत तपासणी लागते. मार्च २०२४ मध्ये सूचना सुधारल्या आहेत, म्हणून अर्ज करताना ताजे नियम बघून घ्या म्हणाले.

एक विचारायचं होतं. दुसऱ्या सत्राच्या परीक्षेत बाई त्याला प्रश्न वाचून दाखवायला तयार आहेत, पण वरून लेखी काहीतरी हवं म्हणतात. प्रमाणपत्र नसताना हे चालेल का?

---

फिरती_शिक्षिका | २० डिसेंबर, सकाळी ६:१०

ताई, तिसरीची परीक्षा शाळेच्याच हातात असते, बोर्डाचा प्रश्न येत नाही. मुख्याध्यापकांच्या नावे साधा अर्ज करा: प्रश्न वाचून दाखवावेत, तोंडी उत्तरं ग्राह्य धरावीत, ताशी वीस मिनिटं जादा द्यावीत. २०१६ च्या दिव्यांग कायद्याच्या कलम १७ मध्ये परीक्षेतल्या अशा बदलांचा उल्लेख आहे, तो लिहा, आणि अहवालातल्या शिफारशींचं पान जोडा. पूर्ण अहवाल द्यायची गरज नाही, बुद्ध्यांकाचं पान तर देऊच नका. झेरॉक्स द्या, मूळ प्रत घरी. पोचेवर तारीख आणि शिक्का घ्या. अर्ज आठवडाभर आधी पोचला पाहिजे, म्हणजे बाईंना दुसऱ्या खोलीत बसायची सोय करता येईल. वाचून दाखवताना बाकीची मुलं बघत राहिली तर तो उत्तरं द्यायचा नाही.

भ-म साठी एक वाळूचा खेळ आहे, व्यक्तिगत निरोपात पाठवते.